चित्रपट संग्रहालयाची भेट आणि साध्या भाषेतला लेख : सल्ला हवा आहे

मुलुंडचा वाचक

नमस्कार. आमच्या ग्रंथालयाच्या वाचक मंडळाने पेडर रोडवरील भारतीय चित्रपटाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला भेट द्यायचे ठरवले आहे. बहुतेक सभासद साठी ओलांडलेले आहेत आणि काहींची शाळकरी नातवंडेही बरोबर असतील. मी तेथे पूर्वी जाऊन आलो आहे आणि मंडळाच्या वार्षिक अंकात त्यावर लेखही लिहिला होता. लहान वाक्ये, अलंकार नाहीत, जे पाहिले तेवढेच सांगितलेले, असा तो लेख होता. काहींनी तो एका बैठकीत वाचून काढल्याचे आवर्जून कळवले, तर एका ज्येष्ठ सभासदांनी ‘हा पाचवीतला निबंध वाटतो’ असा शेरा दिला. या भेटीचा वृत्तांतही मलाच लिहायचा आहे. तेव्हा दोन गोष्टी विचारतो : एवढ्या मंडळींना घेऊन काय आणि कोणत्या क्रमाने पाहावे, आणि लिहिताना तीच शैली ठेवावी की थोडी सजवावी?

गिरगावची सून

आधी जाण्याचे सांगते. मुलुंडहून येताना दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे आणि पश्चिमेकडून टॅक्सी करावी. ज्येष्ठांना बसच्या थांब्यावर ताटकळत ठेवू नये. सोमवारी संग्रहालय बंद असते.

२०१९ च्या जानेवारीत सुरू झालेल्या या संग्रहालयाच्या दोन इमारती आहेत. गुलशन महाल हा एकोणिसाव्या शतकातला बंगला असून चित्रपटाच्या जन्मापासून मूकपट, बोलपट, स्टुडिओंचा काळ असा इतिहास तेथे दालनांमधून उलगडत जातो, तर नव्या बहुमजली इमारतीत तंत्रज्ञान, गांधीजी आणि चित्रपट, तसेच मुलांसाठीचा स्टुडिओ आहे. माझा सल्ला असा की, पाय ताजे असताना गुलशन महाल पाहावा, मग नातवंडांना मुलांच्या स्टुडिओत सोडावे आणि ज्यांना उत्साह असेल त्यांनीच वरचे मजले चढावेत. सगळे पाहिलेच पाहिजे हा अट्टहास धरला की मंडळी शेवटी बाक शोधत फिरतात.

पाटीवाचक

शैलीच्या प्रश्नावर मी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याचे उत्तर मला त्याच संग्रहालयातल्या मूकपटांच्या भागात सापडते. मूकपटात दृश्यांच्या मध्ये लिखित पाट्या येत. पाटी पडद्यावरून जाण्याआधी प्रेक्षकाने ती वाचून संपवायची असे, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी थिएटरात कोणीतरी ती मोठ्याने वाचून दाखवी. अशा पाटीत ‘नियतीच्या क्रूर हातांनी’ वगैरे लिहून कसे चालेल? कोण, कुठे आणि काय झाले एवढे तिने सांगितले की पुढचे काम चित्र करीत असे. साधेपणा तेथे कामाची गरज होती.

मात्र त्या ज्येष्ठ सभासदांना पूर्ण चूक म्हणता येणार नाही. ‘मग आम्ही दुसऱ्या दालनात गेलो, तेथे जुने कॅमेरे होते, ते फार सुंदर होते’ असे लिहिले तर ते साधे नव्हे, रिकामे आहे. साध्या वाक्याला नेमका तपशील लागतो. ‘१८९९ मध्ये सावेदादा भाटवडेकरांनी हँगिंग गार्डनवर कुस्तीचे चित्रीकरण केले, ती बाग येथून टॅक्सीने काही मिनिटांवर आहे,’ हे वाक्य तितकेच साधे आहे, पण वाचक थबकतो. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी कुंडीतले रोप वाढताना टिपले, हे नुसते सांगितले तरी पुरते, त्यावर ‘किती ही दूरदृष्टी!’ असे जोडले की वाक्य मिठाईवर साखर पेरल्यासारखे होते.

गिरगावची सून

पाटीवाचकांशी सहमत आहे आणि त्यात भर घालते. लेखात मुंबई यावी. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चित्रे काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली; ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावात कोरोनेशनला लागला; ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकला, जेथे आता त्याच नावाचे शॉपिंग सेंटर आहे आणि लोक परकर-पोलकी घेत असतात. तुमच्या सभासदांपैकी कोणी ना कोणी मॅजेस्टिकला सिनेमा पाहिलेला असणारच. त्यांना तेथे बोलते करा आणि ते जसे बोलतील तसे उतरवून घ्या. एवढ्या आयत्या साहित्यावर आणखी नक्षीकाम कशाला?

मुलुंडचा वाचक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गुलशन महाल आधी, हा क्रम मंडळाला आजच कळवतो. जुना लेख काढून पाहिला. ‘सुंदर’ हा शब्द त्यात बऱ्याच ठिकाणी आहे आणि वर्ष मात्र एकही नाही. वाक्ये लहानच ठेवीन. ज्या ज्येष्ठांनी शेरा दिला, त्यांचे बालपण गिरगावात गेले आहे, तेव्हा मॅजेस्टिकचा परिच्छेद त्यांच्याकडूनच लिहून घेण्याचा विचार आहे. तो त्यांनी अलंकारिक लिहिला तर तसाच छापावा का, एवढे मात्र सांगावे.

पाटीवाचक

त्यांच्या नावाने असेल तर अवश्य तसाच छापावा. फक्त शब्दमर्यादा आधी सांगून ठेवा.