राजहंसगडावर १२० मीटर कुठून मोजायचे?

वर एकांनी लिहिलंय की ड्रोन १२० मीटरपर्यंत बिनधास्त उडवा. बेळगावात ते सरसकट चालत नाही हो. सांबरा विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय ६० मीटरच, आणि त्याहून जवळ परवानगी नसेल तर पेटी उघडूच नका. कॅम्पाकडे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, तिकडे तर विचारही नको. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा बघायचा.

आता राजहंसगड, म्हणजे येळ्ळूरचा डोंगरी किल्ला. स्क्रीनवरची उंची जिथून उडवलं तिथून मोजलेली असते. तटावरून ८० मीटर चढवून ड्रोन येळ्ळूरच्या शेतांवर नेलात की खाली डोंगर उतरत जातो. आकडा ८०च दाखवतो, पण मर्यादा मोजायची ती खालच्या जमिनीपासून, आणि तिथून तुम्ही १२०च्या कधीच वर गेलेले असता. उलट, फार खाली घेतलात तर मध्ये डोंगर येऊन सिग्नल तुटतो.

वाऱ्याचं म्हणाल, तर २५० ग्रॅमच्या आतले बरेचसे ड्रोन ताशी ३८ किलोमीटरपर्यंतच तग धरतात. तटाच्या आडोशाला वारा कळत नाही, वर झेंडा कसा फडफडतोय ते बघा. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा म्हणजे परतीला बॅटरी पुरते. बरेच जण नेमकं उलटं करतात!

जांबोटी-चोर्ला घाटाकडचं धुकं मात्र पावसाइतकंच वाईट. ड्रोन दिसत नाही, पंखे नि सेन्सर ओले होतात. अंतराचं माझं गणित साधं: तोंड कुठल्या दिशेला आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळेनासं झालं की परत फिरवायचा.