रात्रीच्या कॅज्युअल्टीत नवशिक्याशेजारी वरिष्ठ डॉक्टर प्रत्यक्ष हजर असावा का?

मूळ मत (आपत्कालीन वैद्यक, एमडीचे तिसरे वर्ष, गोरेगाव)

मुंबईत अनेक ठिकाणी कॅज्युअल्टीची, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाची, रात्र आजही सर्वांत नव्या डॉक्टरच्या अंगावर पडते आणि वरिष्ठ ‘कॉलवर’ असतात, म्हणजे फोन केला तर येतात. ही पद्धत बंद व्हावी असे माझे ठाम मत आहे. फोन करायचा तर आपले काही चुकते आहे हे आधी कळावे लागते, आणि नवशिक्याला नेमके तेच कळत नाही.

पहिल्या वर्षी पावसाळ्यातल्या एका रात्री पन्नाशीचे एक गृहस्थ छातीखाली जळजळ होते म्हणून आले. त्यांचा शर्ट घामाने चिंब झाला होता. मी दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढला, हृदयाच्या खालच्या भागाचा झटका ओळखला आणि पाठ केल्याप्रमाणे जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेटची (रक्तवाहिन्या सैल करणारी) गोळी सिस्टरकडे मागितली. पलीकडच्या ट्रॉलीवर टाके घालत असलेल्या आमच्या मॅडम मान वर न करताच म्हणाल्या, “गोळी थांबव. आधी उजव्या बाजूचा ईसीजी काढ.” झटका हृदयाच्या उजव्या कप्प्यालाही बसला होता. ती गोळी दिली असती तर रक्तदाब कोसळू शकला असता. त्या गृहस्थांना गरज होती ती सलाइनची. मॅडम त्या खोलीत नसत्या तर मी त्यांना फोन केलाच नसता, कारण आपले बरोबर चालले आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

इंटर्नशिपच्या वर्षभरात या विभागाच्या वाट्याला जेमतेम दोन आठवडे येतात. तेवढ्या शिदोरीवर कोणालाही रात्री एकटे उभे करणे रुग्णावर अन्याय आहे, आणि त्या डॉक्टरवरही.

प्रतिसाद (शल्यचिकित्सेचे निवृत्त प्राध्यापक, दादर)

आपला अनुभव मोलाचा आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. आपत्कालीन वैद्यकाला एमडीचा विषय म्हणून मान्यता मिळाली ती २००९ साली. त्याआधी ११ जुलै २००६ चे लोकलमधले बॉम्बस्फोट आणि २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला या शहरातल्या रुग्णालयांनी झेलला, तो सर्जरी, ऑर्थो आणि मेडिसिनच्या निवासी डॉक्टरांच्या बळावर. ती मुले निर्णय घेऊ शकली, कारण रोजच्या रात्री त्यांना निर्णय घ्यावेच लागत होते. शेजारी सतत कोणी उभे असले की हात त्याच्या होकाराची वाट पाहू लागतो, ही सवय मी माझ्याच विद्यार्थ्यांत पाहिली आहे. शिवाय रात्रभर कॅज्युअल्टीत उभा राहिलेला अध्यापक सकाळी ओपीडी आणि ऑपरेशन थिएटर कसे सांभाळणार?

प्रतिसाद (पश्चिम उपनगरातील एका रुग्णालयातील कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर)

आपण दोघेही मोठ्या महाविद्यालयांविषयी बोलत आहात. आमच्याकडे रात्री डॉक्टर मी एकटाच असतो. रेल्वे रुळांवरून आणलेल्या जखमीचा रक्तस्राव थांबवायचा, त्याच वेळी एमएलसीची (पोलिसांकडे जाणाऱ्या प्रकरणाची) नोंद करायची, पोलिसांना कळवायचे आणि नातेवाईकांना आवरायचे, हे सारे दोन हातांनी करावे लागते. आधी उपचार, कायद्याचे सोपस्कार नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच बजावले आहे. पण ते सोपस्कार करायला दुसरा माणूस नसेल तर ते शेवटी उपचाराच्याच वेळेतून कापले जातात. मला वरिष्ठाआधी एक कारकून आणि दारावर एक सुरक्षारक्षक हवा आहे.

मूळ लेखिकेचे उत्तर

सर, आपण सांगितलेल्या त्या दोन्ही प्रसंगी बातमी कळताच वरिष्ठ स्वतःहून रुग्णालयात धावले होते, असे आमच्या शिक्षकांकडून आम्ही ऐकले आहे. मुले त्या वेळी एकटी नव्हती. मला हवे आहे ते साध्या मंगळवारच्या रात्रीही मिळावे. होकाराची वाट पाहण्याची सवय लागते, हा धोका मात्र खरा आहे. म्हणून पहिले सहा महिने वरिष्ठाने शेजारी असावे आणि पुढे त्याच खोलीत, पण आपल्या कामात असावे. मॅडम टाके घालतच होत्या, माझ्या डोक्यावर उभ्या नव्हत्या.

अध्यापकाची रात्र ही कामाची पाळी धरून त्याला दुसऱ्या दिवशी सुटी दिलीच पाहिजे. सलग बारा तासांहून अधिक काम नको, असे केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टरांसाठीच्या योजनेत म्हटले होते. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. निदान ती तरी पाळायची तर माणसे वाढवावी लागतील, आणि त्यात तुमच्या कारकुनाचीही जागा असली पाहिजे, डॉक्टरसाहेब. त्या मागणीवर मी आपल्यासोबत सही करीन.

प्रतिसाद (निवृत्त प्राध्यापक)

सुटीचा मुद्दा मला पटला, सहा महिन्यांचा नाही. बंधपत्राच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षात तुमची हीच मुले एखाद्या ग्रामीण रुग्णालयात एकटी पडतील. तेव्हा त्यांच्या खोलीत कोण असेल?

मूळ लेखिकेचे उत्तर

कोणी नसेल, सर. म्हणूनच ती गोळी हातात घेऊन थांबण्याची रात्र त्यांच्या वाट्याला त्याआधी यायला हवी.