मारुतीच्या कमरेपर्यंत : ऐन तारुण्यात गेलेल्या वडिलांच्या आठवणी

गोदाकाठ
गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि पाठोपाठ नेहमीचा प्रश्न सुरू झाला : "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" नाशिककरांना पूर क्युसेकपेक्षा गोदावरीच्या पात्रातल्या या उंच मूर्तीच्या मापानेच कळतो, पाणी मारुतीच्या कमरेला लागले की गंगेकाठचे, म्हणजे गोदावरीकाठचे, दुकानदार हलू लागतात आणि आणखी चढले की सराफ बाजार सावध होतो. तो प्रश्न वाचला आणि बाबा आठवले, कारण आमच्या घरात सगळेच या मारुतीने मोजले जात असे. मला ताप आला की बाबा कपाळावर हात ठेवून गंभीरपणे सांगत, "गुडघ्यापर्यंतच आहे, शाळा बुडणार नाही." आई रागावली की ते मला कोपऱ्यात बोलावून कुजबुजत, "कमरेच्या वर चाललंय, सराफ बाजारातून माल हलवा," आणि मी मुकाट्याने पसरलेली खेळणी उचलत असे. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात ते नोकरीला होते. "दिवसभर नोटांच्या ढिगात बसतो आणि संध्याकाळी दूधवाल्याला पाहून लपतो," असे ते स्वतःविषयी सांगत. ते गेले तेव्हा ३६ वर्षांचे होते आणि मी ९ वर्षांची. येत्या श्रावणात मला ३७ वर्षे पूर्ण होतील, म्हणजे यापुढे मी माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठी असेन. ज्यांच्या घरातला असा हसवणारा बाप लवकर गेला, त्यांनी येथे लिहावे. शक्यतो आजाराविषयी नको, विनोदाविषयी लिहा.

तिवंधेकर
माझा धाकटा भाऊ ३३ व्या वर्षी अपघातात गेला. आपल्याकडे रंग खेळायचा तो रंगपंचमीला, आणि वर्षभर फळ्या व मातीखाली झाकलेली रहाड, म्हणजे रंगाचा हौद, त्या दिवशी उघडली की पहिल्या काही धप्प्यांत, म्हणजे हौदातल्या उड्यांत, त्याचा एक धप्पा ठरलेला असे. नखशिखान्त रंगलेला तो घरी येई, स्वतःच्याच दाराची घंटा वाजवी आणि दार उघडणाऱ्या चिमुकल्या मुलाला विचारी, "बाळ, तुझे बाबा आहेत का घरात? उधारी वसूल करायची आहे." मुलगा पहिल्या वर्षी रडला, दुसऱ्या वर्षी हसला आणि तिसऱ्या वर्षी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बाबा गावाला गेलेत, पुढच्या महिन्यात या." त्या उत्तरावर भाऊ इतका खूश झाला की ओल्या अंगानेच त्याला उचलून गल्लीभर फिरला. आता पुतण्या १९ वर्षांचा आहे. यंदा त्याने पहिल्यांदा धप्पा मारला, माझ्या दाराशी येऊन घंटा वाजवली आणि विचारले, "काका, बाबा आहेत का घरात?" मला काही सुचले नाही. मी त्याला अंगणातल्या नळाखाली उभे केले आणि बराच वेळ पाणी घालत राहिलो.

भाकरतुकडा
पोळ्या करता करता वाचत होते, त्यात एक तव्यावरच राहिली. सविस्तर रात्री लिहीन. माझ्या वडिलांचे विनोद मात्र अत्यंत टुकार असत आणि ते सांगण्याआधीच स्वतः हसत, एवढे आत्ताच नोंदवून ठेवते.

सातपूरची
माझी कामाची पाळी सकाळी सातची असल्यामुळे मुलीची वेणी घालण्याचे काम यजमानांकडे आले. त्यांनी खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पेड बांधून रात्री सराव केला. तरीही पहिल्या दिवशी वेणी एका कानामागून निघाली आणि वळणे घेत दुसऱ्या कानाशी पोहोचली. शाळेत बाईंनी विचारले तेव्हा मुलीने घरून पढवल्याप्रमाणे सांगितले, "हा कसारा घाट आहे." पुढे वर्षभरात त्यांचा हात असा बसला की शेजारच्या दोन मुलीही रिबिनी घेऊन रांगेत उभ्या राहत. आजाराविषयी लिहू नये असे म्हटले आहे, तरी एक गोष्ट लिहिते. किमोने त्यांचे केस गेले तेव्हा लेक आपला गुलाबी कंगवा घेऊन त्यांच्या डोक्यावरून फिरवत असे आणि ते डोळे मिटून बजावत, "भांग मधोमध पाड, घाट नको." ती सुतळी गजाला अजून आहे. रंग देणाऱ्याला मी ती सोडू दिली नाही.

तिवंधेकर
गोदाकाठ ताई, अनुचित वाटल्यास उत्तर देऊ नका. पण बाबांनी स्वतःला त्या मापाने कधी मोजले का?

गोदाकाठ
दादा, अनुचित काही नाही. एकदाच मोजले. रुग्णालयात मी विचारले, "बाबा, कुठपर्यंत आलंय?" त्यांनी तळहात आडवा करून छातीवर ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि मग तो हळूहळू खाली आणत गुडघ्याजवळ थांबवला. "उतरतंय. धरणाचे दरवाजे बंद केलेत." नंतर आजीला म्हणाले, "पोरीला गंगेवर नेऊ नका, पूर ओसरला की चिखल फार असतो." पण माझ्या हट्टामुळे आजी त्याच संध्याकाळी मला घेऊन गेली. मारुतीच्या पायाशी गाळ साचला होता आणि पाणी गुडघ्याच्याही खाली गेले होते. सकाळी बाबांना नेमके सांगता यावे, म्हणून मी दोनदा पाहून खात्री करून घेतली.