उंचीची भीती असताना चर्चच्या जुन्या मनोऱ्यांवर चढावं का?

वाटाड्या
युरोपात फिरताना उंचीला घाबरणारी मंडळी सोबत्यांना वर पाठवतात आणि स्वतः खाली बाकावर बसून राहतात. माझं मत स्पष्ट आहे : त्यांनीही चढावं. फक्त मनोरा निवडताना उंची बघू नये, जिना बघावा.

सेव्हिलच्या कॅथेड्रलच्या (शहरातल्या मुख्य चर्चच्या) हिराल्दा या घंटामनोऱ्यात जवळजवळ पायऱ्याच नाहीत. मुळात ती मशिदीची मिनार, त्यामुळे आत 35 रुंद उतरणी आहेत. कोपनहेगनचा गोल मनोरा 1642 मध्ये पुरा झाला. तिथेही मधल्या भक्कम गाभ्याभोवती साडेसात वेढ्यांची विटांची चढण आहे. सुरुवात अशा जागी करावी. मग व्हिएन्नाच्या श्टेफान कॅथेड्रलचा दक्षिण मनोरा. 343 पायऱ्या, सगळा जिना दगडात बंदिस्त आणि वर उघडा सज्जा नाही, खिडक्यांची खोली आहे.

जर्मन कवी गटे विद्यार्थिदशेत स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलवर मुद्दाम चढून वरच्या अरुंद चौथऱ्यावर उभा राहत असे, ते ही भीती घालवायलाच.

घंटाघर
असहमत. गटे हे पुन्हा पुन्हा करत होता, कारण तो त्याच शहरात राहत होता. प्रवासी एकदाच चढतो. एका चढाईत भीती जात नाही, आणि अर्ध्यातून घाबरून परतलं तर ती उलट पक्की होते.

शिवाय प्रश्न एकट्याचा नाही. कोलोनच्या कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्यात 533 पायऱ्या आहेत आणि चढणारे-उतरणारे एकाच गोल जिन्यात समोरासमोर येतात. तिथे एखादा माणूस थिजला की वरची आणि खालची, दोन्ही रांगा अडतात. मागून लोक येताहेत ही जाणीवच घबराट वाढवते. अशा जिन्यावर धैर्याचा प्रयोग करू नये.

दगडी पायरी
जिन्याची रचना कळली तर निम्मी भीती आटोक्यात येते. गोल जिन्याची पायरी पाचरीसारखी असते : मधल्या खांबाकडे निमुळती, बाहेरच्या भिंतीकडे रुंद. घाबरणाऱ्याने रुंद बाजू धरावी. समोरून कोणी आलं तर तिथेच भिंतीला पाठ लावून थांबावं, खांबाकडे सरकू नये. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या असतात, ओल असेल तर गुळगुळीतही. घसरणं होतं ते बहुधा उतरताना, कारण तेव्हा टाच पुढे पडते आणि पायरीची कड दिसत नाही.

उतरताना सतत एकाच दिशेने वळल्यामुळे जी गरगर होते तिचा उंचीशी संबंध नाही. ती कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागामुळे होते. दोन-तीन वेढ्यांनंतर थांबून भिंतीतल्या एका दगडावर नजर स्थिर केली की उतरते.

क्षितिज
@घंटाघर, मुद्दा पटतो, पण सरसकट नाही. वरच्या सज्जात भोवळ का वाटते? शरीर उभं असताना सतत किंचित डोलत असतं आणि डोळे जवळच्या स्थिर वस्तूंवरून ते डोलणं सावरतात. वर जवळ काहीच नसतं, त्यामुळे तोल गेल्यासारखा वाटतो. म्हणून कठड्याशी जाण्याआधी भिंतीला पाठ टेकवावी आणि जवळची एखादी स्थिर वस्तू बघावी. कॅमेऱ्यातून खाली बघणं टाळावं. या भीतीत बहुधा हृदयाचे ठोके वाढतात, त्यामुळे शुद्ध हरपणं विरळाच. लाट काही मिनिटांत ओसरते. ती शिगेला असताना पळू नये, ओसरल्यावर उतरावं.

फ्लोरेन्समध्ये कॅथेड्रलच्या घुमटापेक्षा शेजारचा जोत्तोचा घंटामनोरा बरा. 414 पायऱ्या आणि लिफ्ट नाही, पण मध्ये मजले आहेत, तिथे बसता येतं आणि तिथूनच परतताही येतं.

घंटाघर
मजले असतील तर माझा आक्षेप बराच कमी होतो. पण घंटांचं काय? कोलोनची पेटर घंटा 24 टनांची आहे. मोठ्या घंटा झुलू लागल्या की मनोराही किंचित हलतो. बांधकामाला त्याने धोका नसतो, पण हे ठाऊक नसलेल्या घाबरट माणसाला मनोरा कोसळतोय असंच वाटणार. घंटांच्या वेळा तिकीट काढतानाच विचाराव्यात.

आणि कोपनहेगनच्या फ्रेल्सर्स चर्चचं नाव या धाग्यात कोणी सुचवू नये. 400 पैकी शेवटच्या 150 पायऱ्या शिखराच्या बाहेरून गुंडाळलेल्या आहेत आणि वर जाताजाता निमुळत्या होत जातात.

वाटाड्या
फ्रेल्सर्सबद्दल पूर्ण सहमत. जर्मनीतल्या उल्मच्या चर्चच्या मनोऱ्याचंही तसंच : 768 पायऱ्या, आणि शेवटचा जिना फार अरुंद. मात्र लिफ्ट हा सोपा मार्ग समजू नका. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया चर्चच्या मनोऱ्यांत लिफ्टने वर जाता येतं, पण उतरायचं अरुंद गोल जिन्यानेच. भीती वाटणाऱ्याने तिकीट काढण्याआधी एवढं विचारावं : उतरायचा रस्ता कोणता, आणि मधूनच परत फिरता येतं का?