मदत हवी आहे : डिलिव्हरी अ‍ॅप सोडताना आयडी (अ‍ॅपवरचं आपलं खातं) बंद करावा की नुसता पडू द्यावा?

ठाण्यात घोडबंदर रोडवर मानपाडा ते कासारवडवली पट्ट्यात अडीच वर्षं फूड डिलिव्हरी करतोय. सोडायचं पक्कं आहे, त्यामुळे "अजून थोडे दिवस बघ" नको. ऑर्डरच्या दरापेक्षा मला इन्सेन्टिव्ह (अटी पाळल्या तर मिळणारा आठवड्याचा बोनस) जास्त नडला. रात्रीचा पूर्ण स्लॉट लॉगिन राहायचं, हॉटेलबाहेर वीस-पंचवीस मिनिटं ताटकळायचं, आणि एक ऑर्डर नाकारली की आठवड्याची मेहनत पाण्यात. पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर आपल्याच खिशातून. (घोडबंदरचे खड्डे माहीत असणाऱ्यांना टायरचं वेगळं सांगायला नको.) खर्च वजा केला तर उरतं ते भिवंडीच्या गोदामातल्या पगाराइतकंच, शिवाय तिथे पीएफ आहे.

१ तारखेला तिथे रुजू व्हायचंय. ते आधीच्या कामाचा पुरावा मागतायत. ऑफर लेटर आम्हाला कधी मिळालंच नाही. बँक स्टेटमेंट आहे, ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं) आहे. फॉर्म २६एएसमध्ये (आयकर खात्याकडची आपल्या करकपातीची नोंद) कलम १९४सी खाली १ टक्का टीडीएस, म्हणजे कंपनीने आधीच कापलेला कर, दिसतो, तो रिटर्न भरून परत मागणार आहे. अ‍ॅपमध्ये पेआउट (जमा झालेल्या कमाईचे हिशेब) फक्त मागच्या तीन महिन्यांचे दिसतात, त्यांचे स्क्रीनशॉट घेतलेत. त्याआधीच्यांसाठी चॅट सपोर्टला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच छापील उत्तर.

बॅग आणि टी-शर्टचं डिपॉझिटही अडकलंय. ज्यांनी अलीकडे सोडलं त्यांना विचारतो : आयडी रीतसर बंद केल्यावर जुने पेआउट आणि डिपॉझिट मिळालं का, आणि नव्या ठिकाणी पुरावा म्हणून नेमका कोणता कागद चालला?