कोऱ्या चहासाठी सुटी पत्ती कोणती घ्यावी?

बी-४०३ : नमस्कार मंडळी. ह्यांचे दूध बंद झाल्यापासून आमच्याकडे दोन्ही वेळा कोरा चहा होतो. परंतु नेहमीची ममरी, म्हणजे बारीक दाणेदार पत्ती, वापरली की तो इतका तुरट उतरतो की साखर वाढवावी लागते. रोज परवडेल अशी सुटी पत्ती कोणी सुचवू शकेल का?

ए-१०२ : वहिनी, ममरी मुळात दुधाच्या चहालाच शोभते. ती सीटीसी (क्रश-टेअर-कर्ल) पद्धतीने बनते; त्यात पाने दातेरी रोलरांमधून चिरडून त्यांचे दाणे वळतात, त्यामुळे रंग आणि तुरटपणा पाण्यात झपाट्याने उतरतो; एरवी दुधातील प्रथिने तो तुरटपणा बांधून ठेवतात, म्हणून जिभेला जाणवत नाही. कोऱ्या चहासाठी ऑर्थोडॉक्स, म्हणजे चिरडण्याऐवजी पिळून वळलेली पत्ती घ्यावी. दार्जिलिंगचा पहिल्या बहराचा (वसंतातल्या पहिल्या तोडणीचा) चहा रोजच्या खर्चात बसत नाही, आणि माझ्या मते सकाळच्या पहिल्या कपाला तो फिकाच वाटतो. निलगिरीची बीओपी (ब्रोकन ऑरेंज पेको, म्हणजे तुटक्या पानांच्या) प्रतीची पत्ती पाहा. ती अखंड पानापेक्षा स्वस्त असते, रंग चांगला देते आणि सुवास टिकवते.

सी-२०१ : काका, पण किलोचा भाव पाहिला तर ऑर्थोडॉक्स पत्ती ममरीपेक्षा महागच पडते ना?

ए-१०२ : किलोवर जाऊ नका, कपावर हिशोब करा. एका कपाला साधारण २ ग्रॅम पत्ती लागते, म्हणजे पाव किलोत १२५ कप होतात. पाव किलोला ३०० रुपये धरले तरी कप अडीच रुपयांच्या आतच पडतो. शिवाय दूध वाचते ते वेगळेच. मात्र पत्ती हलकी आणि फुगीर असल्याने ममरीच्या चमच्याचे माप येथे चालणार नाही. एकदा काट्यावर तोलून पाहावे.

डी-३०४ : काकांशी सहमत आहे, फक्त ज्यांना कडक चहा लागतो त्यांनी आसामची ऑर्थोडॉक्स पत्ती घ्यावी, मे-जूनच्या दुसऱ्या बहराची मिळाली तर उत्तम. पत्ती पाण्यात उकळू नये. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करून पत्ती घालावी, झाकण ठेवावे आणि तीन-चार मिनिटांत गाळून घ्यावे. तशीच मुरत ठेवली तर निलगिरीसुद्धा तुरट होते.

बी-४०३ : मनापासून आभार. सुट्या चहात रंग मिसळलेला असल्यास कसे ओळखावे?

डी-३०४ : ताई, टिपकागदावर थोडी पत्ती पसरून वर पाण्याचे काही थेंब टाकावेत, मग पत्ती बाजूला करून कागद उजेडात पाहावा. शुद्ध पत्तीचा डाग फारसा उमटत नाही; रंग मिसळलेला असेल तर काळपट-तपकिरी डाग लगेच दिसतो. आणि एकदम किलोभर घेऊ नका, कारण मसाल्यांच्या फडताळात ठेवलेली पत्ती आठवड्याभरात हिंगाचा वास धरते.

सी-२०१ : मी रविवारी निलगिरीची अर्धा किलो बीओपी पत्ती आणणार आहे. ज्यांना चवीपुरती १०० ग्रॅम हवी असेल त्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत येथेच कळवावे आणि घट्ट झाकणाचा डबा सोबत आणावा.