चालू प्रक्रियेवर थेट बदल: ‘चुकले तर मागे घ्या’ म्हणजे नेमके काय मागे घ्यायचे?

शंकासुर
‘अर्जाच्या फॉर्मात एक रकाना वाढवण्यासाठी चाचणी प्रणाली कशाला? थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे रोजचे खरे काम चालणाऱ्या प्रणालीवर बदला, चुकले तर मागे घ्या,’ हे ‘झटपट’ यांचे विधान वाचून राहवले नाही. अर्ज कोणत्या टप्प्यांतून जावा हे ठरवणारी प्रक्रियेची व्याख्या मागे घेता येते. मधल्या वेळात नव्या वाटेने पुढे सरकलेली प्रकरणे, गेलेले ईमेल आणि नोंदल्या गेलेल्या मंजुऱ्या मागे येत नाहीत. नवा रकाना अनिवार्य केला की आधीच मंजुरीच्या टप्प्यावर असलेल्या अर्जांत तो रिकामाच राहतो, मंजुरी देणाऱ्याला तो भरण्याचा अधिकार नसतो आणि फॉर्म पुढे जात नाही.

झटपट
हा बागुलबुवा आहे. कामुंडासारख्या, अर्ज टप्प्याटप्प्याने पुढे नेणाऱ्या सॉफ्टवेअर इंजिनात प्रक्रियेची नवी आवृत्ती चढवली, तरी चालू प्रकरणे मुद्दाम स्थलांतरित करेपर्यंत जुन्याच आवृत्तीवर राहतात. आणि आपल्या त्या चाचणी प्रणालीत असते काय? कुणीतरी कधीकाळी भरलेले सुबक अर्ज, ज्यांत रजेवर गेलेला अधिकारीही नसतो आणि अर्धवट सोडलेला मसुदाही नसतो.

शंकासुर
अर्धेच सांगितलेत. त्याच इंजिनात एका प्रक्रियेतून दुसरी उपप्रक्रिया बोलावली, तर वेगळे काही न सांगितल्यास तिची सर्वांत नवी आवृत्ती उचलली जाते. म्हणजे मूळ प्रकरण जुने आणि उपप्रक्रिया नवी. फॉर्मही असाच ‘नवीनतम’शी बांधलेला असेल, तर आपली सुरक्षित जुनी आवृत्ती केवळ कागदावर उरते.

नियमनिष्ठ
दोघेही एक गोष्ट विसरत आहात. मंजुरीची मर्यादा कमी झाली असेल, तर जुन्या प्रकरणांना जुन्याच नियमाने जाऊ देणे ही सावधगिरी नसून नियमभंग आहे. कोणती प्रकरणे हलवायची, हा निर्णय विभागप्रमुखाचा आहे, इंजिनाचा नव्हे.

चाचणीवाली
चाचणी प्रणालीचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही ऐकावे. मी काम करत होते तिथे खऱ्या माहितीची प्रत चाचणीसाठी घेतली आणि वेळापत्रकाने चालणारी स्मरणपत्रे बंद करायचे राहिले. ज्यांचे अर्ज केव्हाच निकाली निघाले होते, अशा ग्राहकांना ‘आपला अर्ज प्रलंबित आहे’ असे ईमेल गेले. सेल्सफोर्स या ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीच्या प्रतीत, ईमेल पोचू नयेत म्हणून वापरकर्त्यांच्या पत्त्यांना ‘.इनव्हॅलिड’ जोडले जाते, पण नोंदींतील ग्राहकांच्या पत्त्यांचे काय?

झटपट
वा! म्हणजे गोंधळ चाचणीनेच घातला. माझी बाजू मांडल्याबद्दल आभार.

चाचणीवाली
आपली बाजू मी मुळीच मांडलेली नाही. बाहेर जाणारे ईमेल एकाच चाचणी पेटीकडे वळवावेत, बाह्य प्रणालींच्या जोडण्या तोडाव्यात आणि मगच प्रत सुरू करावी, एवढेच माझे म्हणणे आहे. सोयीचे तेवढे वाचायचे असेल, तर चर्चा कशाला हवी?

नियमनिष्ठ
ईमेलवरून हातघाईवर येण्याआधी नाइट कॅपिटल ही अमेरिकेतील शेअर व्यवहार करणारी कंपनी आठवा. १ ऑगस्ट २०१२ रोजी आठपैकी एका सर्व्हरवर जुना कोड राहिला होता आणि नव्या सोयीसाठी बंद पडलेल्या कामाचाच फ्लॅग (कोडमधील चालू-बंदची खूण) पुन्हा वापरला होता. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. वापरात नसलेल्या रकान्याला नवा अर्थ देणारे फॉर्मकर्ते याच जातीचे.

झटपट
रजेच्या अर्जाची तुलना शेअर बाजाराशी! बरे, अनिवार्य रकाना आधी ऐच्छिक ठेवावा आणि जुनी प्रकरणे संपल्यावर सक्तीचा करावा, हे मान्य. जुना रकाना नव्या अर्थाने वापरू नये, हेही घ्या. पण रकान्याच्या शीर्षकातील शुद्धलेखन सुधारायलाही आपली समिती बसवणार का?

शंकासुर
समिती नको, फक्त एक शोध घ्या. त्या शीर्षकाच्या नावानेच मासिक अहवाल माहिती उचलत असेल, तर आपली शुद्ध वेलांटी त्याचा एक स्तंभ रिकामा करेल.

झटपट
शीर्षकावर अहवाल बेतणाऱ्याला आधी बदला!

शंकासुर
जरूर बदलू, तोवर प्रॉडक्शनला हात लावू नका.